पंखा बंद करा, बाई

गाणं सुरू करायच्या आधी काकू वर बघायच्या. देवाकडे नाही, पंख्याकडे. मग म्हणायच्या, "पंखा बंद करा, बाई. आवाज खातो तो."

आमच्या बुऱ्हाणपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना मी वेगळं काय सांगू. वैशाखातली हळद, एका खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या बायका, अंगावर जरीच्या साड्या, आणि ही बाई पंखा बंद करायला सांगते. बायका कुरकुरायच्या. कोणी पदरानं वारा घ्यायची, कोणी लग्नपत्रिकेनं. माझ्या सासूबाई मोठ्यानं म्हणायच्या, "गाणं ऐकवता का आम्हाला भाजून काढता?"

काकू हसायच्या. "थोडं भाजल्याबिगर पापडाला चव येते का, जिजी?"

पंखा बंद करायचं काम माझ्याकडे होतं. मी चारचौघींत कधी पुढे बसले नाही. बोलायची वेळ आली की मी मागे सरकते. म्हणून दाराजवळ, भिंतीला टेकून बसायचं, आणि दाराजवळच बटणं असतात. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तेव्हापासून ते काम मला लागलं ते लागलंच. कोणाचीही हळद असो, बारसं असो, कानबाईचं जागरण असो, मला तेवढं एक काम असायचं. पुढे पुढे काकूंना बोलावंही लागायचं नाही. त्यांनी वर पाहिलं की मी उठायची.

पाती थांबेपर्यंत काकू गप्प असायच्या. शेवटचा फेरा संपला की त्यांच्या शेजारी बसलेल्या आत्या पहिली ओळ म्हणायच्या.

उंबऱ्याच्या बाहेर कोण गं बाई, उभं राहिलं?

आणि काकू उत्तर द्यायच्या.

नणंद आली माहेरी, भावजयीनं पाहिलं.

नेहमी याच ओळींनी सुरुवात. मग हळदीची गाणी, डोहाळ्याची, जे असेल ते. ढोलकी नाही, पेटी नाही, माइक तर नाहीच. मधूनच काकूंच्या बांगड्या वाजायच्या तेवढंच. आत्या विचारायच्या, काकू सांगायच्या, अशीच त्यांची सगळी गाणी होती. आवाज असा की शेजारच्या खोलीत कोणीतरी मूल निजवत आहे आणि आपल्याला दारातून ऐकू येतंय.

मागच्या बायका ओरडायच्या, "काही ऐकूच नाही येऊन राहिलं!"

"मंग जवळ सरका. आम्ही कुठं पळून चाललो?"

बायका सरकायच्या. गुडघ्याला गुडघा लागायचा. एकमेकींशी बोलत नसलेल्या जावासुद्धा टेकून बसायच्या, कारण दुसरी जागाच नसायची. थोड्या वेळानं पत्रिकेचा वारा थांबायचा. घाम यायचा आणि कोणी पुसायची नाही. तुम्ही त्या खोलीत असता तर तुम्हीही पुसला नसता.

आमच्या गल्लीत हळू आवाज ऐकू येणं हीच मुळात मोठी गोष्ट. बुधवारा वस्तीतून थोडं पुढे आलं की आमची गल्ली. दर दोन घरांआड मागाचा कारखाना, सकाळपासून खटखट, खटखट. मी लग्न होऊन इच्छापूरहून आले तेव्हा वाटायचं डोकं फुटेल. मग अशी सवय झाली की माहेरी गेले की शांततेनं झोप यायची नाही. आम्ही घरी मागाच्या कांड्या भरतो. धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती. म्हणजे आमच्या घरातही मोटरची घरघर आहेच.

लाइट गेली की सगळे माग एकदम थांबायचे. कानात गच्च बसलेला बोळा कोणी ओढून काढावा तसं व्हायचं. तेव्हा काकूंच्या घरातून गाणं ऐकू यायचं. ते तेव्हा सुरू झालेलं नसायचं. भाजी निवडताना, गहू पाखडताना दोघींचं ते आधीपासून चाललेलंच असायचं. आम्हाला फक्त तेव्हा ऐकू यायचं.

माझ्या सासूबाई कांडी हातात धरून म्हणायच्या, "लागल्या या दोघी पोपटासारख्या." आणि लाइट आली की चुकचुकायच्या. लाइट आल्याचं वाईट वाटणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

आत्या या काकूंच्या नणंद. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा नवरा गेला आणि त्या एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आल्या. आई-वडील तेव्हा नव्हते. भाऊ कामावर गेलेला. भावजय नवी, तिच्याशी धड दोन शब्द झालेले नव्हते. आत्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. दार वाजवायचं धाडस होईना. काकूंनी पाणी फेकायला म्हणून दार उघडलं तर समोर ही.

"तर काय म्हणाली असेल?" आत्या आम्हाला विचारायच्या. "रडली नाही, गळ्यात पडली नाही. माझ्या हातातली पेटी घेतली आणि म्हणे, ताई, आत या लवकर, चुलीवर दूध आहे, उतू जाईल."

"उतू गेलंच ना शेवटी," काकू म्हणायच्या.

"माझ्या पायानं गेलं म्हणते."

"मी नाही म्हटलं. सासू असत्या तर त्या म्हटल्या असत्या."

आणि दोघी हसायच्या. नणंद-भावजयीची गाणी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. टोमणे, चहाड्या, माहेरचं नाव काढणं. या दोघींनी आपलं वेगळंच जुळवलं. ती पहिली ओळ कोणी जुळवली हे विचारलं की दोघी एकमेकींकडे बोट दाखवायच्या.

हळदीला विधवा बाईला पुढे बसवायचं नाही, असं अजूनही काही घरांत धरतात. एका घरी मुलाच्या मावशीनं तसं काकूंच्या कानात सांगितलं. काकू उठल्या, आत्यांचा हात धरला आणि चपला घालायला लागल्या. नवऱ्या मुलाची आई धावत आली. "अहो काकू, हे काय?"

"काही नाही. सवाल एका घरी राहिला आणि जवाब दुसऱ्या घरी, असं कसं चालेल? आम्ही दोघी घरी जाऊन म्हणतो. लाइट गेली तर तुम्हाला येईल ऐकू."

दोघींना पुढे बसवलं. मावशीबाई पंख्याखालची जागा धरून बसल्या होत्या, त्यांना वाटलं निदान वारा तरी मिळेल. मी पंखा बंद केला. त्या दिवशी जरा जोरातच बटण दाबलं असेल.

आत्या कारखान्यात कांड्या भरायला जायच्या. मागांच्या अगदी कडेला बसून वर्षानुवर्षं. त्यांचे कान हळूहळू गेले. आधी आम्हाला वाटायचं, लक्ष नाही त्यांचं. मग हाक मारली तर वळेनाशा झाल्या. आणि कान गेलेल्या माणसाचा आवाज वाढतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याला वाटतं आपण हळूच बोलतोय.

एका बारशाला आत्यांनी पहिली ओळ म्हटली आणि पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. मागे बसलेल्या पोरी पदरात तोंड घालून हसल्या. एक म्हणाली, "आत्या का वॉल्यूम तो फुल है आज." आत्यांनी पाहिलं की पोरी हसतायत, आणि त्यांना वाटलं बाळाला बघून हसतायत. त्याही हसल्या.

काकूंनी आपली ओळ म्हटली, नेहमीच्याच आवाजात. पण आत्यांना ती ऐकू आली नाही, त्यामुळे त्यांनी पुढची ओळ मध्येच उचलली. सवाल-जवाब एकमेकांवर चढले. तसं कधी झालं नव्हतं. काकूंच्या कपाळावर आठी आली ती मी भिंतीशी बसून पाहिली.

पुढच्या हळदीला काकू आत्यांना अगदी चिकटून बसल्या. आत्यांचं मनगट त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं आणि वर पदर टाकला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यांचं प्रेम. त्या दिवशी दोघी दाराजवळच बसल्या होत्या म्हणून मला पदराखालची हालचाल दिसली. काकू गायला लागल्या की त्यांची बोटं आत्यांच्या मनगटावर चालायला लागायची, एका शब्दाला एक, तर्जनीपासून करंगळीपर्यंत आणि परत. ओळ संपली की अंगठा दाबायच्या. म्हणजे, आता तू. आणि आत्यांचा आवाज चढला की सगळा तळवा पसरून ठेवायच्या. म्हणजे, हळू.

आत्यांचा आवाज खाली यायचा. तळव्याखाली यायचा असंच वाटायचं.

हे दोघींनी घरी कधी बसवलं, किती दिवस घातले, मला माहीत नाही. आम्ही सुताचं काम करतो. सूत तुटलं की गाठ मारायची आणि ती कापडात दिसू द्यायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. काकूंची गाठ कोणाला दिसली नाही.

पण आत्यांना एक कळायचं नाही, सुरुवात कधी करायची. मग त्यांनी स्वतःच एक खूण धरली. पंख्याचा वारा अंगावरचा गेला की सुरू.

त्यावरून एकदा मोठी गंमत झाली. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा साखरपुडा. दोन्हीकडची मंडळी बसलेली आणि काहीतरी मानपानावरून आवाज चढत गेले. मुलाचे काका म्हणाले, "आम्हाला दारात कोणी विचारलं नाही." मुलीचा मामा म्हणाला, "मग पायघड्या घालायच्या होत्या का?" दोघंही उभे राहिले. तेवढ्यात लाइट गेली. माग थांबले, पंखा थांबला. आत्या एका कोपऱ्यात खाली मान घालून बसल्या होत्या, भांडणाचा एक शब्द त्यांना ऐकू आलेला नव्हता. वारा गेला तशी त्यांनी मान वर केली आणि त्या शांततेत खणखणीत म्हटलं,

उंबऱ्याच्या बाहेर कोण गं बाई, उभं राहिलं?

मुलाचे काका तोंड उघडं ठेवून बघत राहिले. काकूंनी काय करावं? पुरुष बसलेले, गाण्याची वेळ नाही. दुसरी कोणी असती तर तिनं आत्यांना चूप केलं असतं. काकू उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, मनगट हातात घेतलं आणि उत्तर दिलं. पूर्ण गाणं झालं. लाइट आली तेव्हा मामा मुलाच्या काकांना पाणी देत होता.

आत्यांना नंतरही कोणी सांगितलं नाही की आपण भलत्या वेळी गायलो. काकूंनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. "तिला बहिरेपण आलं, ते तिला माहीत आहे. गाणं बिघडलं असं तिला वाटू द्यायचं नाही. तिच्यापाशी दुसरं काय आहे?"

बोलावणी कमी व्हायला लागली. आता डीजे आला, पोरींना नाचायचं असतं, त्यात त्यांचं काय चुकलं. तरी जुनी घरं विचारायची. शाहपूरच्या एका केळीवाल्या घरातून सून स्वतः गाडी घेऊन आली. मी तेव्हा काकूंकडे कांड्यांची टोपली द्यायला गेले होते. ती म्हणाली, "काकू, आमच्या सासूबाईंची एकच इच्छा आहे, हळदीला तुमचंच गाणं पाहिजे."

"येऊ ना. गाडीत दोघी बसतील?"

सून घुटमळली. "आत्यांना कशाला त्रास? त्यांचा आवाज आता जरा तेज होतो ना... तुम्ही एकट्याच या. माइकची व्यवस्था आहे."

आत्या समोरच बसून मेथी निवडत होत्या. त्या सुनेकडे बघून हसल्या, पाहुणी आली म्हणून. काकूही हसत हसतच बोलल्या, म्हणजे आत्यांना वाटावं की गप्पा चालल्या आहेत. "बाई, मी फक्त उत्तर देते. मला कोणी विचारलंच नाही तर मी काय सांगू? तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि चहा पिऊन जा."

ती गेल्यावर आत्यांनी विचारलं, "काय म्हणत होती?"

काकूंनी कपाळावरून बोटांनी मुंडावळ्या काढून दाखवल्या आणि मग नाही अशी मान हलवली. "पुढे ढकललं," त्या आत्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या.

"अगं बाई," आत्या म्हणाल्या, "पोरगी बरी आहे ना?"

गेल्या हिवाळ्यात काकूंना दम लागायला लागला. दवाखाने झाले. घरी आणलं तेव्हा दोन पायऱ्या चढल्या की बसून राहायच्या. दुपारी मी जाऊन बसायची. माझ्यासारखी बाई आजाऱ्याला बरी. मी काही विचारत नाही.

एका दुपारी लाइट गेली. गल्ली शांत झाली आणि पहिल्यांदाच त्या घरातून काही ऐकू आलं नाही. आत्या आतल्या खोलीत निजल्या होत्या. काकू म्हणाल्या, "मला जायचं भ्या नाही गं. पण हिचं गाणं माझ्या बोटांत आहे. माझ्यामागं ही मुकी होईल."

त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटावर बोटं चालवायला लागल्या. तर्जनीपासून करंगळीपर्यंत आणि परत. मग अंगठा. पुन्हा बोटं, पुन्हा अंगठा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, सवयीनं करतायत, आजारपणात माणसाला कोणाचा तरी हात लागतो. मी हात तसाच राहू दिला. लाइट आली, माग सुरू झाले, तरी त्यांनी तो सोडला नाही.

केळीच्या बागांना पाणी कमी पडायला लागलं त्या दिवसांत काकू गेल्या. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि झालं.

आत्या रडल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. येणाऱ्या बायका म्हणायच्या, "कळलं तरी आहे का यांना?" त्या भिंतीला टेकून बसायच्या, डावा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर उताणा ठेवलेला. काकूंची सून ताट घेऊन जवळ बसायची, "आत्या, दो घास तो खा लो ना, माझ्यासाठी." तिनं भरवलं तर खायच्या. हाक मारली, खांद्याला हात लावला, तर बघायच्या आणि पुन्हा खाली. तेराव्यापर्यंत त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

तेराव्याचं जेवण झालं. पुरुष काकांजवळ, म्हणजे काकूंच्या यजमानांजवळ, बाहेर बसले. आतल्या खोलीत आम्ही बायका. पंखा पूर्ण वेगात, तरी उकडत होतं. कोणी केळीच्या भावाचं बोलत होतं, कोणी मुलीच्या परीक्षेचं. तेराव्याला असंच बोलतात, काहीतरी बोलायचं म्हणून. मी दाराजवळ, माझ्या जागी. समोर आत्या, आणि त्यांच्याशेजारी तेवढी जागा सगळ्यांनी न सांगता सोडलेली.

मी वर बघितलं. त्या दिवशी वर बघणारं कोणी नव्हतं म्हणून असेल.

मी उठले आणि पंखा बंद केला.

"अगं, काय करून राहिली?" सासूबाई म्हणाल्या. "जीव जाईल गरमीनं." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बटणावरचा हात काढला नाही.

पाती हळू झाली. शेवटचा फेरा झाला. आत्यांच्या कपाळावरची पांढरी बट हलत होती, ती थांबली.

त्यांनी मान वर केली. आधी पंख्याकडे बघितलं, मग शेजारच्या जागेकडे. आणि मोठ्यानं, फाटलेल्या आवाजात म्हटलं,

उंबऱ्याच्या बाहेर कोण गं बाई, उभं राहिलं?

आणि थांबल्या.

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. माझ्या सासूबाईंनाही. पण कोणी तोंड उघडलं नाही. ती ओळ काकूंची होती. आत्या वाट बघत होत्या, हात तसाच उताणा.

गाणं मला कधीच जमलं नसतं. मी बायकांच्या मधून वाट काढत गेले, त्या सोडलेल्या जागेवर बसले आणि आत्यांचं मनगट मांडीवर घेतलं. बोटं टेकवली. नणंद, आली, माहेरी. तर्जनीपासून करंगळीपर्यंत आणि परत. मग अंगठा दाबला.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बोटांकडे. सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "घाई करतेस तू. वहिनी सावकाश यायची."

कोणीतरी हसलं आणि हसता हसता तिला हुंदका आला. मग आत्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ पुन्हा म्हटली. या खेपेला मी तळवा ठेवायच्या आधीच आवाज खाली आला.

मागच्या बायका जवळ सरकल्या.

मी बोटं टेकवली. सावकाश.